कशावर किती टक्के?

कराडच्या आमच्या कापडदुकानात व्यापाऱ्याचा माणूस नमुने घेऊन आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी पोत बघतात, मग रंग. दराची बोलणी सुरू झाली की एकच शब्द पुन्हा पुन्हा विचारतात: ‘कशावर?’ पाच टक्के सूट, बरं, कशावर? जीएसटी धरून की सोडून? वीस अधिक दहा म्हणजे वीस वजा जाऊन जे उरलं त्यावर दहा, की मूळ दरावर? समोरचा म्हणतो, ‘शेठ, एकच झालं की.’ अण्णा मान हलवतात. हजाराच्या मालाला एका हिशेबाने 720 रुपये पडतात, दुसऱ्याने 700.

हा शब्द ऐकत मी लहानाची मोठी झाले. तरी जीमॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करताना पहिले दोन महिने तो मला आठवला नाही.

मी पुण्यात राहते, चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. परीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा गणिताची भीती नव्हती. इंजिनिअरिंग झालेलं, दिवसभर एक्सेलमध्ये टक्केवाऱ्याच बघायच्या. पण डेटा सफिशियन्सीच्या पहिल्या सरावात टक्केवारीच्या दहा प्रश्नांपैकी चारच बरोबर आले. आकडेमोड एकाही ठिकाणी चुकलेली नव्हती, आणि तरी उत्तरं चुकली होती. ते का झालं आणि कसं सुटलं, हे मला सविस्तर लिहायचंय. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये वही मांडीवर घेऊन एकटीने हे शोधत बसले होते; कुणाचा तरी तेवढा वेळ वाचावा.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक प्रश्न असतो, त्याखाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. उत्तर काढायला ही माहिती पुरते का, एवढंच सांगायचं. पाच पर्याय कायमचे ठरलेले: ए म्हणजे पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं नाही, बी म्हणजे दुसरं पुरतं, पहिलं नाही, सी म्हणजे दोन्ही मिळून पुरतात, सुटी सुटी नाही, डी म्हणजे प्रत्येक विधान एकेकटं पुरतं, ई म्हणजे दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये जीमॅटचं नवं रूप आलं तेव्हा हे प्रश्न क्वांट या गणिताच्या विभागातून काढून डेटा इनसाइट्स या विभागात टाकले. तिथे 45 मिनिटांत 20 प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो. सुरुवातीला मला तो मोठा आधार वाटला होता. आता या प्रश्नांत त्याच्याकडे हात जायला लागला की मी थांबते आणि प्रश्न पुन्हा वाचते.

पहिली चूक साडीची होती. प्रश्न साधारण असा:

दुकानदाराने साडीवर खरेदीपेक्षा जास्त किंमत छापली आणि त्या किमतीवर सूट देऊन ती विकली. त्याला शेकडा नफा किती झाला?
(1) छापील किंमत खरेदीपेक्षा 40 टक्के जास्त होती.
(2) सूट छापील किमतीच्या 15 टक्के होती.

मी ई लिहिलं. साडी कितीची ते कुठेच दिलेलं नाही, मग नफा कसा कळणार? दुकानदाराच्या मुलीने हे लिहावं याचं मला फार वाईट वाटलं. खरेदी शंभर धरा, छापील 140, त्यावर 15 टक्के सूट म्हणजे 21, विक्री 119, नफा शेकडा 19. साडी चारशेची असो की चार हजारांची, शेकडा 19 तो 19च. उत्तर सी. प्रश्न रुपये मागतच नव्हता, टक्के मागत होता. टक्क्यांचं उत्तर टक्क्यांतून मिळतं, फक्त सगळे टक्के एकाच गोष्टीवर आणून ठेवता आले पाहिजेत. इथे 40 हे खरेदीवर आहेत, 15 हे छापील किमतीवर, आणि छापील किंमत पुन्हा खरेदीवर. साखळी तुटत नाही, म्हणून पुरतं.

आता याच प्रश्नात ‘शेकडा नफा’च्या जागी ‘नफा किती रुपये’ घाला. दोन्ही विधानं तीच. लगेच उत्तर ई. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: विधानं वाचायच्या आधी प्रश्न काय मागतो ते बघ, टक्के की आकडा. आकडा मागत असेल तर कुठेतरी एक तरी खरा आकडा सापडायला हवा. (हा नियम पुढे एका ठिकाणी मोडला, ते येईलच.)

दुसरी खोड शाळेतली. शाळेने आपल्याला उत्तर काढल्याशिवाय पेन खाली ठेवू नये असं शिकवलं, आणि ते चांगलंच शिकवलं. पण इथे ते नडतं. एक प्रश्न होता: एका रकमेवर दोन वर्षांचं सरळव्याज आणि वर्षातून एकदा आकारलेलं चक्रवाढव्याज काढलं, तर मुद्दल किती? पहिलं विधान, दर द.सा.द.शे. 12. दुसरं, दोन्ही व्याजांतला फरक 144 रुपये. मी मन लावून सोडवला. पहिल्या वर्षी दोन्ही व्याजं सारखीच. दुसऱ्या वर्षी चक्रवाढीत फक्त पहिल्या वर्षाच्या व्याजावर व्याज जास्त लागतं. म्हणजे मुद्दलाच्या 12 टक्क्यांचे 12 टक्के, 1.44 टक्के. त्याचे 144 रुपये, म्हणून मुद्दल 10,000. किती सुंदर उत्तर! आणि त्यात तीन मिनिटं गेली. ‘मुद्दलाचे अमुक टक्के बरोबर 144’ इथपर्यंत पोचले तेव्हाच पुरतं हे कळलेलं होतं. पुढचं सगळं माझ्या हौसेखातर झालं. आकडा 144 च्या जागी 137 असता तरी उत्तर सीच राहिलं असतं.

द.सा.द.शे. वरून एक सांगते. सातवी-आठवीत ही अक्षरं आम्ही मंत्रासारखी म्हणायचो, दरसाल दर शेकडा. त्यांची किंमत मला आत्ता कळली. आमच्या गावाकडे ‘शेकडा दोननं पैसे घेतले’ म्हटलं की ते महिन्याचं असतं, वर्षाला 24 पडतात, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं. परक्याला नसतं. परक्याच्या दृष्टीने ‘शेकडा दोन’ ही माहिती अपुरी. दरसाल म्हटलं की मुदत कळली, दर शेकडा म्हटलं की पाया कळला. चार अक्षरांत दोन्ही भोकं बुजवलेली आहेत. परीक्षेतल्या विधानात दर दिसला की मी मनातल्या मनात ही चार अक्षरं लावून बघते: साल कुठलं, शेकडा कशाचा.

सगळ्यात जास्त मार्क मी गमावले ते सी च्या मोहात. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं हा पहिलाच धडा. दोन चलं असली की दोन समीकरणं लागतात, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे दोन अज्ञात रकमा आणि दोन विधानं दिसली की हात आपोआप सी कडे जायचा. मग हा प्रश्न आला:

अ चा पगार किती?
(1) अ चा पगार ब च्या पगारापेक्षा 25 टक्के जास्त आहे.
(2) ब चा पगार अ च्या पगारापेक्षा 20 टक्के कमी आहे.

मी सी लिहिलं. त्या रविवारी कराडला गेले होते. दुकानात आमचे हिशेब बघणारे काका आले होते, आणि ते आणि अण्णा नेहमीच्या विषयावर बोलत होते. अण्णा म्हणत होते, यंदा काठापदरात पंचवीस टक्के सुटले. काका कागद पुढे सरकवून म्हणत होते, अहो, वीसच दिसतात. शेवटी अण्णांनी बिलाच्या पाठीमागे लिहून दाखवलं. चारशेला घेतली, पाचशेला विकली, शंभर सुटले. खरेदीवर बघा, पंचवीस. विक्रीवर बघा, वीस. ‘तुमचं कशावर ते सांगा की आधी,’ अण्णा म्हणाले. काका विक्रीवर काढत होते, अण्णा खरेदीवर.

मी पिशवीतून वही काढली. अ म्हणजे पाचशे, ब म्हणजे चारशे. ब पेक्षा अ पंचवीस टक्के जास्त, अ पेक्षा ब वीस टक्के कमी. माझी दोन विधानं म्हणजे काका आणि अण्णा. दोघं एकच गोष्ट वेगवेगळा पाया धरून सांगत होते. दुसऱ्या विधानाने पहिल्यात काडीची भर घातलेली नव्हती, म्हणून उत्तर ई. तेव्हापासून सी लिहायच्या आधी मी दोन्ही विधानं एकाच गुणोत्तरात आणते. दोन्हीकडून पाचास चार निघालं, तर माझ्याकडे विधान एकच आहे.

एक यादी त्या दिवशी दुकानातच बसून केली, ती परीक्षेपर्यंत कामी आली. चौथाईने वाढ, तर परत यायला पाचव्या हिश्शाने घट. तिसऱ्या हिश्शाने वाढ, तर चौथ्याने घट. निम्म्याने वाढ, तर तिसऱ्याने घट. दुप्पट झालं, तर निम्मं घटवायचं. अपूर्णांकात लिहिलं की डोळ्यांना लगेच दिसतं, टक्क्यांत लिहिलं की 33.33 आणि 16.67 च्या जंजाळात लपतं.

अण्णांच्या बिलबुकाच्या शेवटचा पुठ्ठा मी त्याच दिवशी मागून घेतला. तळहाताएवढा, करड्या रंगाचा, एका कडेला कार्बनचा निळा डाग. तो का, ते सांगते. दुसरं विधान तपासताना पहिलं पूर्ण विसरायचं असतं, आणि ते फार अवघड जातं. ‘40 टक्के’ एकदा वाचलं की ते डोक्यातून निघत नाही. दुसरं विधान एकटं पुरत नसताना मला पुरतंय असं वाटायचं, कारण मनात पहिल्याची उसनवारी झालेली असायची. म्हणून पहिलं वाचून झालं की त्यावर पुठ्ठा. दुसरं वाचताना पहिलं खरंच दिसायचं नाही. सराव स्क्रीनवर असला तरी मी लॅपटॉपच्या काचेवर पुठ्ठा धरायचे. परीक्षेच्या हॉलमध्ये तो नेता येत नाही. तिथे पुसता येणारी पानं आणि मार्कर देतात. पण तोवर सवय लागली होती. दुसऱ्या विधानाकडे जाताना मी पानावर आडवी रेघ ओढायचे आणि वरचं काही वापरायचं नाही असं स्वतःला बजावायचे.

मग हो-नाहीचे प्रश्न. हे मला सगळ्यात आवडतात, कारण इथे आकडा लागतच नाही.

पतसंस्थेच्या सभासदांची एकूण संख्या यंदा 15 टक्क्यांहून जास्त वाढली का?
(1) महिला सभासद 20 टक्क्यांनी आणि पुरुष सभासद 10 टक्क्यांनी वाढले.
(2) गेल्या वर्षी महिला सभासद पुरुषांपेक्षा कमी होत्या.

पहिलं एकटं घ्या. एकूण वाढ 10 आणि 20 च्या मधे कुठेतरी असणार. कुठे, ते महिला किती होत्या त्यावर ठरणार. अगदी निम्म्या असत्या तर बरोबर 15. दुसऱ्या विधानात वाढीचा शब्दच नाही. आता दोन्ही एकत्र: महिला निम्म्याहून कमी, म्हणजे 20 चं वजन कमी, म्हणजे एकूण वाढ 15 च्या खाली. ठाम ‘नाही’. आणि ठाम ‘नाही’ मिळालं म्हणजे माहिती पुरली, उत्तर सी. मी सुरुवातीला अशा ठिकाणी ई लिहायचे. ‘नाही’ आलं की माहिती नाही असं वाटायचं. उत्तर ‘नाही’ असणं आणि उत्तरच नसणं, यात मराठीत बोलताना आपण सहज गल्लत करतो. मला हे दोन आठवडे रोज स्वतःला सांगावं लागलं.

अशा प्रश्नांत मी आकडे घालून बघत नाही, दोन टोकं घालून बघते. सगळ्या महिलाच असत्या तर काय, एकच महिला असती तर काय. एका टोकाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ आलं की ते विधान बाद. टोकं शोधताना अपुरेपणा पटकन उघडा पडतो.

उसाच्या पट्ट्यात वाढल्यामुळे एक गोष्ट मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, 10 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर गेला म्हणून कारखान्याची साखर जास्त झाली का? गाळप किती झालं ते कळेपर्यंत आमच्याकडे कुणी यावर बोलणार नाही. प्रमाण वाढलं आणि रक्कम वाढली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षेतल्या निम्म्या फसव्या विधानांचं मूळ मला इथेच सापडलं.

आता तो मोडलेला नियम. आकडा हवा असेल तर एक तरी खरा आकडा लागतो, असं मी ठरवून बसले होते. मग हा आला:

तुकडीत किती मुलं आहेत?
(1) तुकडीतल्या 37.5 टक्के मुलांनी शिष्यवृत्ती परीक्षा दिली.
(2) तुकडीत 40 हून जास्त आणि 50 हून कमी मुलं आहेत.

टक्केवारी आणि एक अंदाज. यात नेमका आकडा कुठे आहे? मी ई लिहिलं आणि ते चुकलं. का चुकलं ते बसमध्ये कळेना. संध्याकाळी घरी फोन केला तर आबांनी उचलला. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांना मी सहज विचारलं, साडेसदतीस टक्के म्हणजे हो किती? ते म्हणाले, ‘सहा आणे.’ एका श्वासात. त्यांच्या डोक्यात अजून सोळा आण्यांचा रुपया आहे. पिकाची आणेवारीसुद्धा ते आण्यांतच बोलतात, सरकारी कागदावर तिची पैसेवारी होऊन किती वर्षं झाली तरी. सोळातले सहा, म्हणजे आठातले तीन.

आठातले तीन! मुलं अर्धी-पाव नसतात. परीक्षेला बसलेली मुलं पूर्ण संख्येत हवीत, तर तुकडीतल्या मुलांची संख्या आठाने भागली गेलीच पाहिजे. 41 ते 49 मध्ये आठाच्या पटीत फक्त 48. नेमका एकच आकडा, म्हणून दोन्ही मिळून पुरतं, उत्तर सी. त्या 37.5 मध्ये आठ लपलेला होता आणि मला तो दिसला नाही, आबांना दिसला, कारण ते टक्क्यांत विचारच करत नाहीत. तेव्हापासून माणसं, गाड्या, पेट्या, पुस्तकं असं मोजण्याचं काही असलं आणि टक्का जरा विचित्र असला, की मी तो आधी अपूर्णांकात उतरवते. 12.5 म्हणजे आठवा हिस्सा, 6.25 सोळावा, 87.5 आठातले सात. आबांच्या भाषेत दोन आणे, एक आणा, चौदा आणे. पण तेच साखरेचं, दुधाचं किंवा पैशाचं असेल तर ही युक्ती लागू नाही. दूध अर्धा लिटर असू शकतं. काय मोजलं जातंय ते वाचल्याशिवाय इथे पुढे जाताच येत नाही.

माझा आतेभाऊ पुण्यातच एका अभ्यासिकेत बसून यूपीएससीची तयारी करतो. पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या पेपरातही हे प्रश्न येतात: 80 प्रश्न, 200 गुण, पात्र व्हायला 33 टक्के, चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एकतृतीयांश वजा. तिथे पाचाऐवजी चार पर्याय असतात. ‘एक विधान पुरतं, दुसरं नाही’ हा एकच पर्याय, कोणतं पुरतं ते सांगावं लागत नाही. एवढा फरक सोडला तर विचार तोच. परीक्षा झाल्यावर पुठ्ठा मी त्याला दिला. तो आता छापील पेपरावर तसाच ठेवतो आणि सरकवतो.

माझी परीक्षा मार्चमध्ये झाली, त्या विभागात मला हवे होते तेवढे गुण मिळाले. हॉलमधले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, तशी सही केलेली आहे, म्हणून वरचे सगळे प्रश्न माझ्या वहीतल्या नमुन्यावर नव्याने बेतलेले आहेत.

अण्णांना मात्र याची गोडी लागली. मी सोडवलेले प्रश्न त्यांनी वाचून घेतले, आणि गेल्या आठवड्यात बिलाच्या पाठीमागे स्वतः एक लिहून त्याचा फोटो पाठवला. त्यांच्या अक्षरात, जसाच्या तसा:

‘लग्नसराईत दुकानातल्या 30 टक्के साड्या विकल्या. उरलेल्यातल्या 20 टक्के जुन्या फॅशनच्या. जुन्या साड्या किती?
(1) विकलेल्या साड्या 90.
(2) उरलेल्या साड्या विकलेल्यांपेक्षा 120 ने जास्त.’

मी बसमध्ये होते. पहिल्यावरून 30 टक्के म्हणजे 90, एकूण कळतं. दुसऱ्यावरून 70 वजा 30, म्हणजे 40 टक्के बरोबर 120, त्यावरूनही एकूण कळतं. जीमॅटमध्ये दोन विधानं कधी एकमेकांना खोटं पाडत नाहीत. अण्णांनी तेही सांभाळलं होतं, दोन्हीकडून एकूण 300च येतात. मी उत्तर पाठवलं, ‘अण्णा, डी. प्रत्येक विधान एकटं पुरतं.’

पाच मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं.

‘बरोबर. 42. मागच्या कपाटातल्या मोजून बघितल्या.’